कड्यावरची रोजकीर्द

आमच्या पेढीवर वडिलांची एक शिस्त होती. रोजकीर्द पुरी झाल्याखेरीज कोणी घरी जात नसे आणि शिल्लक जुळली नाही, तर ती कशीबशी जुळवून दाखवण्याची कोणालाच मुभा नसे. तूट असेल तर तूट लिहावी, असे ते सांगत. साठी उलटल्यावर, दुकान मुलांच्या हाती सोपवून मी पुन्हा एक वही धरीन आणि तीत गिधाडांची घरटी लिहीन, असे मात्र कधी वाटले नव्हते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना अंजनेरी लागते. आपल्या समाजाला हे स्थान परके नाही. पायथ्याशी प्राचीन जिनमंदिरांचे अवशेष आहेत. शके १०६३ च्या तेथील शिलालेखात मंदिरासाठी दुकानांचे उत्पन्न दिल्याची नोंद आहे. याच डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे वीण करतात. महाविद्यालयात शिकणारी माझी नात पक्षिमित्रांबरोबर त्यांच्या घरट्यांची नोंद करते. गेल्या पौषात तिने मलाही सोबत नेले.

काम ऐकायला सोपे आहे. दूर बसून दुर्बिणीतून एकेक कपार न्याहाळायची आणि जे दिसेल ते लिहायचे. जवळ जायचे नाही, कारण बिचकून पक्षी उठला तर अंडे उघडे पडते. ही गिधाडे एका विणीत एकच अंडे घालतात. नर व मादी आळीपाळीने ते सुमारे पन्नास दिवस उबवतात. पिल्लू पंखांवर येण्यास त्यानंतरही काही महिने लागतात. एक घरटे फसले की त्या जोडीचे वर्ष गेले.

एका कपारीत पक्षी निश्चल बसला होता. मी म्हणालो, "अंडे आहे, असे लिही."

"दादाजी, आपल्याला अंडे दिसले का?"

"बसला आहे म्हणजे असणारच!"

"मग 'बसलेला पक्षी' एवढेच लिहिते."

मला वडिलांची आठवण झाली. मी गप्प राहिलो.

परतताना तिने या नोंदींचे मोल सांगितले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ती निम्म्याहून कमी भरली. जुना आकडा लिहिलेला होता म्हणूनच घट कळली. कारण उलगडले २००४ साली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका गोशाळेच्या औषधखर्चासाठी मी अनेक वर्षे पर्युषणात रक्कम देत आलो आहे. थकलेल्या, लंगड्या गायींच्या वेदना कमी व्हाव्यात, हीच त्यामागची भावना. पावती जपून ठेवली, पण त्या पैशातून कोणते औषध येते, हे एकदाही विचारले नाही. मेलेली जनावरे कोठे टाकतात, तेही नाही. माझ्या दानाने एखादे गिधाड मेले का, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण मेले नाही, असेही मला लिहिता येत नाही. दयेचाही हिशेब ठेवावा लागतो, हे इतक्या उशिरा उमगले.

दुसऱ्या दिवशी मी गोशाळेत गेलो आणि औषधांचे कपाट उघडायला लावले. केटोप्रोफेनच्या काही बाटल्या निघाल्या. कोणाचा हेतू वाईट नव्हता. जुना साठा होता, कोणी विचारले नव्हते. पशुवैद्यांनी त्या बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम मागवले. खर्चाच्या वहीत आता औषधाचे नाव लिहिण्याचा रकाना आहे.

फाल्गुनात आम्ही पुन्हा अंजनेरीला गेलो. आमच्या वहीत चार कपारी होत्या. पहिलीत आणि चौथीत पांढुरक्या लवेचे पिल्लू मान उंचावून होते. दुसरीत मोठा पक्षी बसला होता, पिल्लू दिसले नाही. तिसरी कपार ओस होती. तिथे मागे 'बसलेला पक्षी' लिहिले होते. नातीने वही माझ्या हाती दिली. मी तारीख घातली आणि लिहिले: रिकामे.

आपल्यापैकी अनेकजण गोशाळा व पांजरपोळांचे विश्वस्त आहेत, देणगीदार तर बहुतेक सारेच. पुढची पावती फाडण्यापूर्वी एकदा औषधांचे कपाट अवश्य पाहावे, एवढीच विनंती.