मैलामागे दोन सेंट, किलोमीटरमागे दोन रुपये

ऑक्टोबर लागला की पोर्टलंडलगतच्या आमच्या बीव्हर्टनमध्ये घरोघरच्या पिकअप गाड्या भरायला लागतात. मागच्या हौद्यात तंबू, दोरखंड, बर्फाच्या पेट्या, पाण्याचे कॅन, घाटात बर्फ पडलाच तर टायरला लावायच्या साखळ्या. हरीण आणि एल्क (सांबराच्या कुळातलं, पण अंगाने त्याहून थोराड जनावर) यांच्या शिकारीचा हंगाम इथे कायद्याने ठरलेला असतो. ओरेगनच्या पूर्व भागात शिकारीला जायचं तर आधी अर्ज करावा लागतो. सोडतीत नाव निघालं तर ज्या विभागाचा परवाना हातात पडला तिथेच जायचं. आमच्या शेजारच्या निवृत्त काकांना यंदा बेकर सिटीकडचा विभाग मिळाला. इथून जवळपास ३०० मैल. जाऊन-येऊन ६००, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या वर.

या काकांना सध्या एका कराने घोर लावला आहे. रस्ता जितका वापराल तितका कर द्या, मैल मोजून. त्यांचं म्हणणं सरळ आहे : "शहरात राहणारा दिवसाकाठी चार मैल फिरतो. मला सोडत जिथे निघेल तिथे जावं लागतं. लांब जाण्याचा दंड मी का भरायचा?"

जालना जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न परका वाटत नाही. आमच्याकडेही जो लांब राहतो तोच प्रत्येक गोष्टीची जास्त किंमत मोजतो. म्हणून मी या कराचा हिशेब मुळापासून मांडून पाहिला.

रस्त्यांसाठी पेट्रोलवर कर बसवणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ओरेगनच. साल १९१९, गॅलनमागे एक सेंट. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल आणि जास्त कर देईल, असा त्यामागचा विचार. शंभर वर्षांत गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, मग विजेवर चालणाऱ्या आल्या. रस्ता सगळ्यांनीच झिजवायचा आणि दुरुस्तीचे पैसे मात्र पेट्रोलवाल्यांनीच द्यायचे, असं होऊ लागलं. म्हणून राज्याने २००१ मध्ये समिती नेमली आणि १ जुलै २०१५ रोजी 'ओरेगो' नावाची योजना सुरू केली. त्यात भाग घेणं ऐच्छिक होतं आणि मर्यादा ५,००० गाड्यांची. सुरुवातीचा दर मैलामागे दीड सेंट होता, जानेवारी २०२४ पासून दोन सेंट झाला. यातली कळीची गोष्ट अशी, की मैलाचा कर भरणाऱ्याला पेट्रोलवर दिलेल्या कराची वजावट मिळते. एकाच रस्त्याचे पैसे दोनदा द्यावे लागत नाहीत.

काकांचा जुना पिकअप गॅलनला १५ मैल जातो. ६०० मैलांना ४० गॅलन लागतात. गॅलनला ४० सेंट या दराने राज्याचा पेट्रोल कर झाला १६ डॉलर. मैलामागे दोन सेंट धरले तर १२. म्हणजे मैलाच्या हिशेबात काकांचे चार डॉलर वाचतात! माझी हायब्रिड गाडी गॅलनला ५० मैल जाते. त्याच प्रवासाला मी पेट्रोल कर देते चार डॉलर ऐंशी सेंट आणि मैलावर देईन १२. बोजा काकांवरून उठून माझ्यावर येतो, आणि तो यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. रस्ता मीही तितकाच वापरते, आणि नवी गाडी घेण्याची ऐपत माझी आहे, खेड्यातल्या जुन्या पिकअपवाल्याची नाही.

हे गणित मी काकांना कागदावर करून दाखवलं. त्यांनी ते मानलं, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. त्यांचं खरं दुखणं पैशाचं नव्हतंच. मैल मोजायला स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं यंत्र बसतं. त्यात जीपीएस असेल तर राज्याबाहेरचे आणि खासगी रस्त्यांवरचे मैल वजा होतात. जीपीएस नको असेल तर तसंही चालतं, पण मग चाक फिरेल तो प्रत्येक मैल मोजला जातो. शिकारी माणूस आपला मुक्काम कुठल्या खोऱ्यात आहे हे सख्ख्या मित्रालाही सांगत नाही. ते सरकारला आणि यंत्रावरून मैल मोजणाऱ्या कंपनीला का कळावं, हा त्यांचा सवाल.

तो ऐकताना मला आमच्याकडचे फासेपारधी आठवले. आपल्या मातीतले फिरते शिकारी तेच. गुन्हेगार जमातींच्या १८७१ पासूनच्या कायद्यांनी अशा समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला, संशय मात्र आजही पुसलेला नाही. माणूस कुठून कुठे गेला याची नोंद सत्तेच्या हाती पडली की ती कुणावर उलटते, हे आपल्याकडच्या भटक्यांनी अंगावर सोसलं आहे. म्हणून काकांची शंका मला किरकोळ वाटत नाही. अंतर मोजा, वाट नोंदवू नका, ही मागणी इथल्या शिकाऱ्याची आहे आणि ती आपलीही असायला हवी.

कारण आपल्याकडे अंतरावरचा पैसा सुरू झालेलाच आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो. जितकं अंतर जाल तितका टोल. १ एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, मालवाहू गाडीला त्याहून जास्त. ओरेगनचे दोन सेंट किलोमीटरवर आणले तर आजच्या भावाने रुपयाच्या थोडेच वर जातात. अमेरिकेतल्या माणसाला रुपयाभर आणि आमच्या अंबडच्या माणसाला दोन! शिवाय इथे वजावट मिळते. तिथे गाडी घेतानाच रस्ता कर भरलेला असतो, डिझेलच्या भावात रस्त्यांसाठीचा अधिभार आणि राज्याचा व्हॅट असतो, आणि त्या सगळ्याच्या वर टोल.

माझा धाकटा भाऊ अंबडहून मोसंबी घेऊन वाशीच्या बाजारात जातो. फोनवर म्हणाला, "ताई, समृद्धीनं रात्री निघालं की पहाटं माल बाजारात लागतो, हे खरंय. वेळ वाचतो, माल दबत नाही. पण टोल काय व्यापारी देतो का? तो भाड्यात धरला जातो अन् भाडं आपल्या पट्टीतूनच कापलं जातं." शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर टोल असा शब्द कुठेच लिहिलेला नसतो, पैसे मात्र तिथूनच गेलेले असतात.

दुसरी तफावतही पाहण्यासारखी आहे. ओरेगनने २०२५ मध्ये कायदा करून विजेवरच्या गाड्यांना २०२७ पासून टप्प्याटप्प्याने मैलाचा कर लावायचं ठरवलं. महाराष्ट्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समृद्धीवर विजेवरच्या मोटारींना टोल माफ केला. हवा स्वच्छ राहावी हा हेतू चांगला आहे. पण विजेवरची मोटार आज कोण घेऊ शकतो आणि डिझेलचा टेम्पो कुणाला चालवावाच लागतो, याचा विचार त्या माफीत दिसत नाही.

इथल्या शिकाऱ्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. काका तो कर अभिमानाने भरतात, कारण ज्या रानात ते फिरतात तिथे तो खर्च झालेला दिसतो. रस्त्यांचंही तसंच. वाहनांकडून आलेला पैसा रस्त्यांवरच खर्च करायचा, हे ओरेगनच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे, आणि त्यातला वाटा कौंट्यांना आणि शहरांनाही मिळतो. समृद्धीवर चढण्याआधी भावाचा टेम्पो शेतातून ज्या खड्ड्यांतून बाहेर पडतो, त्या रस्त्याला मात्र त्याने भरलेल्या टोलमधला रुपया लागत नाही.

उपग्रहावरून टोल घेण्याची तरतूद केंद्राने २०२४ मध्ये नियमांत केली आहे. आज ना उद्या ती आपल्या गाड्यांपर्यंत येईल. तेव्हा जालन्याच्या आमदार-खासदारांना तीन प्रश्न आधी विचारायला हवेत : हा कर डिझेलवरच्या कराच्या जागी येणार की त्याच्या डोक्यावर? यातला किती पैसा गावरस्त्याला मिळणार? आणि आमच्या फिरण्याची नोंद कोण, किती दिवस ठेवणार? वापराप्रमाणे पैसे देण्याला माझा पाठिंबा आहे. पण या प्रश्नांची उत्तरं कायद्यात लिहून मिळाल्याशिवाय आपण त्याला होकार देऊ नये.