आजींचा ६

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटात शेजारच्या गल्लीतल्या आजी भेटल्या. "काय रे, आजोबा गेले तशी मंडळानं आम्हाला यादीतूनही काढलं का?" त्या हसतच म्हणाल्या, पण मला ते लागलं. कारण निरोप पाठवणारा छोटासा पायथन प्रोग्राम माझाच.

रात्री तो उघडला. यादीत आजींचा नवा नंबर होता, ६ने सुरू होणारा. आणि मोबाइल नंबर ओळखायला मी काही वर्षांपूर्वी लिहिलेलं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात काय शोधायचं त्याचा साचा, फक्त ७, ८ आणि ९ने सुरू होणारे नंबर घेत होतं. बाकीचे गुपचूप गाळत होतं.

एवढं कळायला तास गेला. साचा माझा, पण मलाच वाचता येईना. कंस, चौकटी कंस, तिरक्या रेघा, प्रश्नचिन्हं, सगळी एका ओळीत खेटून बसलेली. लिहिताना मात्र एका ओळीत मावलं म्हणून केवढा खूश झालो होतो!

दुरुस्ती एका आकड्याची होती, तरी साचा नव्यानं लिहिला. नंबरांमधल्या स्पेस आणि डॅश आधीच काढून टाकले. ते काम साच्यावर लादलंच नाही. निम्मी चिन्हं तिथेच गेली. उरलेला साचा 'व्हर्बोज' मोडमध्ये मांडला. त्यात एकेक तुकडा वेगळ्या ओळीवर लिहून पुढे कॉमेंट देता येते. मी मराठीतच दिल्या: 'सुरुवातीला +९१ किंवा ०, असेल किंवा नसेल', 'पहिला आकडा ६ ते ९', 'पुढे आणखी ९ आकडे'. (या मोडमध्ये साधी स्पेस धरली जात नाही. खरोखर स्पेसच शोधायची असेल तर ती चौकटी कंसात घालता येते. मी एकदा फसलोय.) दहा आकड्यांच्या गटाला नाव दिलं, म्हणजे तो कितवा हे कंस मोजून शोधायला नको. शेवटी नमुन्याच्या नंबरांची चाचणी जोडली. त्यात पहिला नंबर आजींचा.

साच्यात न बसणारे नंबर आता वेगळे छापले जातात. पहिल्याच फेरीत १३ घरं निघाली, बहुतेक ०२६५वाले घरचे फोन. त्यांना मेसेज कुठला जाणार? ती यादी घेऊन मी आणि बायको दोन संध्याकाळी फोन करत बसलो.

आजींकडे मात्र स्वतः गेलो. ६ची हकिकत त्यांना कितपत पटली कोण जाणे. दिवाळी पहाटेचं आमंत्रण आल्यावर त्यांचा फोन आला, "आलं रे!"