सातबारा आणि व्हिसा

पुतण्या इंजिनिअर झाला. पुण्यात नोकरी करतो आणि आता मास्टर्सला बाहेर जायचं म्हणतो. भावाचा फोन आला, "तू मास्तर माणूस, काय ता तूच सांग तेका." त्यानंतर जे वाचलं, विचारलं, मनात आलं, ते या वहीत उतरवत गेलो.

*

2012 मध्ये कोकण बोर्ड वेगळं झालं, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पहिला येतो. वैभववाडीत आनंदीबाई रावराणे महाविद्यालय आहे, त्यामुळे पदवीपर्यंत पुष्कळ मुलं इथेच शिकतात. पुढे काही घाट चढून कोल्हापूरला जातात, काही कोकण रेल्वेने मुंबईला. घर सोडणं आपल्या मुलांना नवं नाही. त्यामुळे "एवढ्या लांब कसा राहील?" ही आईची काळजी मला खरी वाटते, पण निर्णय तिच्यावर अडू नये.

*

आपला चाकरमानी मुंबईला गेला तो गावाच्या खोलीत. लालबाग-परळला एकेका गावाच्या खोल्या होत्या. वळकटी तिथे टाकायची, खानावळीत जेवायचं, पाळीप्रमाणे झोपायचं. गिरणीत लागला की पगार सुरू आणि गावाला मनीऑर्डर सुरू. जाताना तो कर्ज काढून गेला नव्हता. जमलं नाही तर परतीचं भाडं तेवढं लागायचं.

आजचा विद्यार्थी आधी पैसे भरतो आणि कमाई नंतर, झाली तर. भाऊ म्हणतो, "आमचे आजे नाय गेले मुंबैक? तसोच ह्यो जातलो." दोन्ही जाण्यांतला हा फरक त्याला अजून नीट समजावता आलेला नाही.

*

कोल्हापूरला एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा होता. पुतण्याबरोबर गेलो. प्रत्येक टेबलावर झेंडा, फोल्डर, गोड बोलणारी मुलं. सल्ला फुकट. पुष्कळ सल्लागार विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत, कारण प्रवेश झाला की विद्यापीठ त्यांना कमिशन देतं. यात बेकायदा काही नाही. पण आपल्याला ते माहीत असायला हवं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं कमिशन सहसा देत नाहीत, म्हणून त्यांचं नाव अशा टेबलावर क्वचितच निघतं.

आम्ही मुद्दाम विचारलं. उत्तर आलं, "तिथं भाषेचा प्रॉब्लेम होतो सर." भाषेची अडचण खरीच आहे. पण तिथे बहुतेक ठिकाणी फी नाही; पंचवीस लाख वाचणार असतील तर वर्षभर भाषा शिकायला हरकत काय, हे कोणी बोललं नाही.

*

आता कर्ज. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवर गेलं की तारण लागतं. निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका तारणाशिवाय देतात, खासगी वित्त कंपन्याही देतात, पण त्यांचं व्याज चढं असतं. तेव्हा भावाने कपाटातली कागदांची पिशवी काढली.

सातबारा उघडून बसलो. कब्जेदाराच्या रकान्यात आजोबा, त्यांचे भाऊ, मग वारस म्हणून लागलेली नावं. त्यातली काही माणसं वारली, त्यांच्या मुलांची नोंद झालेली नाही. एक आत्या तिकडे विरारला. खातेफोड कधी झालीच नाही, कारण कोणाला गरज पडली नाही. इतर हक्कांत कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा. म्हणजे विकायची झाली तरी आधी सरकारी कचेरीचा रस्ता. आंब्याची कलमं आहेत, काजू आहे, पावसात भात होतं, पण बँकेच्या टेबलावर या कागदाला वजन नाही. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत. त्यांना बिनशेती जागा, फ्लॅट किंवा मुदत ठेव हवी. घर आहे, पण घरपट्टीच्या असेसमेंटला अजून आजोबांचंच नाव.

मग सगळ्यांची नजर गेली चुलतभावाच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर. गिरणी संपानंतर बापाने वॉचमनची नोकरी करून आणि याने पुढे हप्ते भरून उभा केलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. तो देतो म्हणाला, मागे न बघता. नातं एवढं चांगलं आहे म्हणूनच ते घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. मुलाच्या शिक्षणाचा धोका मुलाने घ्यावा, फार तर बापाने. चुलत्याच्या छपरावर तो टाकू नये.

*

हिशेब. 30 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता महिना 41 हजारांच्या वर. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता थांबतो, पण व्याज थांबत नाही. ते भरलं नाही तर मुद्दलात जमा होतं आणि हप्ता पन्नास हजारांच्या पुढे जाऊ शकतो.

पुतण्याने तिकडच्या पगाराने हा हिशेब मांडला होता आणि तो छान जुळत होता. मी म्हटलं, आता पुण्यातल्या पगाराने मांड. नोकरी मिळाली नाही, व्हिसा संपला, परत आलास, तर हप्ता देऊन हातात किती उरतं? त्याने मांडला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटतं, जाण्यासाठी कर्ज किती घ्यावं याचं माप हेच. परत आल्यावर इथल्या पगारात फिटेल तेवढंच घ्यावं.

*

ही भीती उगाच नाही. नियम विद्यार्थी विमानात बसल्यावरही बदलतात. कॅनडाने राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम 2024 च्या सुरुवातीला 10 हजार डॉलरवरून एकदम 20,635 वर नेली आणि विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच वर्षीच्या जानेवारीपासून, संशोधनाची सोडून इतर मास्टर्सला जाणाऱ्यांना कुटुंब नेणं बंद केलं. अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. चूक विद्यार्थ्याची नसते, भुर्दंड मात्र त्याच्या घराला बसतो.

*

दापोलीजवळच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि 1899 मध्ये सीनिअर रँग्लर झाले. परतल्यावर फर्ग्युसनमध्ये अल्प वेतनावर शिकवायला उभे राहिले. डोक्यावर कर्ज नसलं तर माणूस असा निर्णय घेऊ शकतो.

बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. मुदत संपली म्हणून 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत येऊन पुरा करण्याची परवानगी घेऊन ते परतले. सिडनहॅममध्ये प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली, 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी.एससी. घेतली. पुतण्याला हे सविस्तर सांगितलं. दोन वर्षं थांबणं म्हणजे संधी गेली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

*

शिष्यवृत्त्यांबद्दल आपल्या तालुक्यात फार कमी बोललं जातं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेची. जागा थोड्या, जागतिक क्रमवारीतलं विद्यापीठ हवं, उत्पन्नाची अट. पण अर्ज तर करावा. जातीचा, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये खेपा घालाव्या लागतात. तेवढ्यासाठी तारीख चुकणं मला फार लागतं.

*

डॉक्टरकीला बाहेर जाणाऱ्यांचं वेगळं. जाण्याआधी 'नीट' परीक्षा लागते, परतल्यावर परवाना परीक्षेत 300 पैकी 150 हवेत, आणि बहुसंख्य नापास होतात. 2022 मध्ये युक्रेनमधून मुलांना कसं आणावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. आता सिंधुदुर्गनगरीला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या प्रवेशासाठी एक वर्ष जास्त प्रयत्न करणं मी पहिलं सुचवीन.

*

पुतण्याने जावं असंच मला वाटतं. चांगल्या प्रयोगशाळेत बसणं, आपलं म्हणणं खोडून काढणाऱ्या प्राध्यापकासमोर उभं राहणं, स्वतःचं जेवण रांधून परीक्षा देणं, यातून माणूस घडतो. ते पैशात मोजता येत नाही आणि मोजूही नये. म्हणूनच त्याची किंमत घराला परवडेल अशी हवी.

*

सध्या ठरलं ते असं. पुण्याची नोकरी सोडायची नाही. संध्याकाळी जर्मनचा क्लास. जर्मनीला जायचं तर पहिल्या वर्षाच्या खर्चापोटी खात्यात 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांहून जास्त. त्यातला मोठा वाटा त्याने पगारातून जमवायचा, उरलेलं छोटं कर्ज. "काका, फीच नाय तर कर्ज तरी कित्याक?" म्हणाला, तेव्हा त्याला विमा, भाडं, प्रवास असं एकेक लिहून दाखवलं. तिकडच्या हिवाळी सत्राच्या अर्जांना पुष्कळ ठिकाणी 15 जुलैची मुदत असते, त्याआधी दिल्लीहून पदवीची कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र यायला हवं. मी इकडे तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज टाकला आहे. आत्याचा जबाब घ्यायला पुढच्या आठवड्यात विरारला जातो.