कड्यापासून गोठ्यापर्यंत

सर्वतीर्थ टाकेदला मी पहिल्यांदा गेलो तो आजीचं बोट धरून, महाशिवरात्रीच्या यात्रेला. रावणाने पंख छाटले आणि जटायू इथे येऊन पडला. त्याला शेवटचं पाणी पाजायचं म्हणून रामाने बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी इथल्या कुंडात आणलं, म्हणून हे सर्वतीर्थ. कुंडाचं पाणी माझ्या डोळ्यांना लावत आजी म्हणाली होती, "पाखरू होतं रे ते. पण रामाने त्याचं बापासारखं केलं."

यंदा फेब्रुवारीत गिधाडं बघायला निघालो, तेव्हा सुरुवात टाकेदपासूनच करायची हे मनात पक्कं होतं. यात्रेला अजून अवकाश होता. मंदिराबाहेर हार-फुलांच्या दुकानात एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, "बाबा, इकडे गिधाडं दिसतात का हो?" त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिसायची. ढोर मेलं की त्या डोंगरापासून रांग लागायची. आता कुठली?" एवढं बोलून ते पुन्हा झेंडू ओवायला लागले.

घोटीहून वैतरणा धरणाच्या कडेकडेने पहिन्याकडे जाणारा रस्ता या दिवसांत फार देखणा असतो. पळस पेटलेला, आंब्याला मोहोर, आणि उतारावरच्या वावरांत राब भाजायची तयारी: शेण, पाला, गवत असे थरावर थर. माझ्या डोक्यात मात्र सबंध रस्ताभर आमचा बैल ढवळ्या होता.

आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. १९९८ साली ऐन नांगरटीत ढवळ्याचा पुढचा पाय सुजला. तो उभा राहीना, वैरणीला तोंड लावीना. गावात फिरून ढोरांना औषधपाणी करणारा एक जण होता. त्याने लागोपाठ तीन दिवस इंजेक्शनं दिली. वेसण धरून मी उभा असायचो. चौथ्या दिवशी पहाटे ढवळ्या गेला. मेलेलं जनावर ओढायचं काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या वस्तीवर लादलं होतं, तिने ते केव्हाच झुगारून दिलं होतं आणि योग्यच केलं होतं. मग काकाने आणि मी ट्रॅक्टरला दोर बांधून ढवळ्याला हाडकीवर, मेलेली ढोरं टाकायच्या माळावर, नेऊन टाकलं. दुपारी गिधाडं उतरली, तीस-चाळीस असतील. संध्याकाळी मी बघायला गेलो तर नुसता सांगाडा. घाण नाही, वास नाही, कुत्र्यांची ओढाताण नाही. मला बरं वाटलं होतं, हे आजही आठवतं. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीची माझ्या आजोबांनी गोठ्यासाठी चिमणी केली. तिच्यावरचं अर्धवट निघालेलं लेबल मी कित्येक रात्री वाचलं असेल: डायक्लोफिनॅक.

पुढे तोच शब्द वर्तमानपत्रात दिसला. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकातच गिधाडं झपाट्याने घटत असल्याचं नोंदवलं होतं. रोग असावा असं सगळ्यांना वाटत होतं. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून खरं कारण दाखवून दिलं. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडाच्या पोटात जातं, त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडची पांढरी पुटं चढतात आणि मान टाकून पक्षी काही दिवसांत मरतो. हजार मढ्यांतल्या सात-आठांत औषध असलं तरी एवढा संहार व्हायला पुरेसं, असा हिशोब पुढे अभ्यासकांनी मांडला. एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो आणि गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच, मग भरपाई व्हायची कशी? १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरात तीनच्या आसपास. ढवळ्या त्या सात-आठांतला होता की नाही, हे मला आता कळायला मार्ग नाही. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या हाडकीवर गिधाड उतरायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंजनेरीच्या पायऱ्यांना लागलो. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरचा हा डोंगर हनुमानाचं जन्मस्थान मानला जातो, त्यामुळे शनिवारी इथे मुंगीला वाट नसते. मी मुद्दाम मधला वार धरला होता. सोबत नाशिकचा एक पक्षीमित्र होता. त्याच्या पाठीवर दुर्बिणीचं तिकाटणं, माझ्या पाठीवर पाणी. कड्याच्या खाचेतून पायऱ्या वर चढतात, वाटेत जैन लेणं लागतं, माकडं पिशव्यांवर नजर ठेवून असतात. खाचेतून बाहेर पडलं की एकदम मोकळं पठार, अंजनीमातेचं देऊळ, सोनेरी वाळलेलं गवत आणि समोर ब्रह्मगिरी. या गवताखाली आत्ता एक कंद झोपलेला असतो. पावसाळ्यात त्याला कंदिलासारखी फुलं येतात. २००६ साली शास्त्रज्ञांनी या वनस्पतीचं वर्णन केलं आणि डोंगराच्या नावावरून तिला सेरोपेजिया अंजनेरिका म्हटलं.

पठारावरून आम्ही कुठे वळलो आणि कोणत्या कड्यासमोर बसलो, ते लिहीत नाही. ज्याला कळायला हवं त्याला वनखातं सांगेल. बसल्या जागेवरून कडा दरीपलीकडे, पुरेसा लांब होता. आधी दिसले ते पांढरे ओघळ. काळ्या कातळावर कुणी चुन्याची बादली उपडी करावी तसे, वर्षानुवर्षांच्या विष्ठेचे. जिथे ओघळ सुरू होतो तिथे कपार, आणि कपारीत घरटं.

मित्राने दुर्बीण लावली आणि बाजूला झाला. मी डोळा लावला, आणि एकदम समोर, हाताच्या अंतरावर असावं तसं, लांब चोचीचं गिधाड. तपकिरी अंग, मानेच्या मुळाशी फिक्या पिसांची गळपट्टी, काळसर उघडी मान, फिकट पिवळसर चोच. घरट्याच्या काटक्यांत हिरवा पाला खोचलेला. त्याच्या छातीशी काहीतरी हललं. राखाडी लवीचा एक गोळा, आणि त्याला स्वतःचं ओझं न पेलवणारं डोकं. पिल्लाने चोच वर केली. गिधाडाने मान खाली घातली, दोन-तीनदा गळा ताणला आणि गळ्याखालच्या पिशवीतून आणलेलं अन्न इतक्या हलक्या हाताने पिल्लाच्या चोचीत सोडलं की मला श्वास सोडायचं भान राहिलं नाही. हलक्या हाताने असंच म्हणावंसं वाटतं, दुसरा शब्द सुचत नाही. आपल्याकडे कुणाला लुटारू म्हणायचं झालं की "लचके तोडणारी गिधाडं" म्हणतात. भाषणात म्हणतात, अग्रलेखात लिहितात. मला हा वाक्प्रचार आता सहन होत नाही. जिवंत जिवाला हात न लावणारा, गावाची घाण स्वतःच्या पोटात घेऊन विरवून टाकणारा हा पक्षी. तो गेल्याचं मोल दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली मांडलं: २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. मढी कुजत राहिली, पाणी बिघडलं, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीज वाढला.

साडेनऊच्या सुमारास कातळ तापला. वारा दरीतून वर चढायला लागला तशी कपारीतली एकेक गिधाडं कडेला येऊन उभी राहिली, पंख उघडले आणि नुसती पुढे झुकली. सहा किलोच्या आसपास वजन, सात फुटांचा पसारा, आणि पंखांची एकही फडफड नाही. चकरा मारत मारत ती वर गेली आणि ठिपका होऊन वायव्येला, हरसूलच्या दिशेने निघाली.

या डोंगराला २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, क्षेत्र जेमतेम पावणेसहा चौरस किलोमीटर. तरी त्यानंतर इथे वरपर्यंत गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेची आखणी झाली. भाविकांची सोय हे कारण मला समजतं. माझी आजी असती तर तीही पालखीत बसून का होईना, वर गेली असती. पण सुरुंगाच्या एका धमाक्याने अंड्यावरून उठलेलं गिधाड परत येईल याची खात्री नाही, आणि हवेत ताणलेला जाड दोर चकरा मारणाऱ्या पक्ष्याच्या वाटेत उभा राहतो. या कड्यासमोर रोपवे होऊ नये, रस्ता होऊ नये. उतारावर वणवा लागला की धूर आधी कपारीत शिरतो, ड्रोन उडवणाऱ्यांना घरटी दिसतही नाहीत. पायऱ्या आहेत तेवढ्या पुरेत.

पण कडा राखला म्हणजे गिधाड वाचलं असं नाही, आणि त्यासाठीच मला ठिपक्यांच्या मागे जायचं होतं.

त्र्यंबकहून हरसूलकडे जाताना डोंगर बुटके होत जातात, रान दाट होतं. हरसूलजवळ खोरीपाडा आहे. वनखातं आणि पाड्यावरची माणसं मिळून इथे गिधाडांसाठी खानावळ चालवतात. मोकळं माळरान, भोवती तारेचं कुंपण, म्हणजे कुत्री आत घुसत नाहीत. जागा मोकळी लागते, कारण पोट भरलेल्या गिधाडाला उडण्याआधी विमानासारखी लांब धाव घ्यावी लागते. आसपासच्या पाड्यांत कुणाचं ढोर मेलं की निरोप येतो. ढोर कशाने मेलं, शेवटच्या दिवसांत कोणतं औषध टोचलं, याची चौकशी होते. शंका असेल तर ते मढं इथे येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळी सातला लपणात शिरलो. आदल्या दिवशी संध्याकाळी एक म्हातारी गाय आणून टाकली होती. आठ वाजता कावळे आले. नऊला एक घार घिरटी घालून गेली. दहा वाजून गेले तरी आभाळ कोरडंच. साडेदहानंतर केव्हातरी एक सावली कुंपणावरून सरकली. मग आवाज आला, चादर जोरात झटकावी तसा, आणि पाय पुढे सोडून पहिलं गिधाड उतरलं. पाचेक मिनिटं ते नुसतं उभं राहिलं. मग दुसरं, चौथं, सातवं. एकवीसपर्यंत मोजली. त्यांतल्या तिघांच्या पंखांची खालची बाजू पांढरी लख्ख: पांढऱ्या पाठीची गिधाडं, हजारातून उरलेली एकेक. फुत्कार, चित्कार, धक्काबुक्की, एकमेकांच्या पाठीवर चढणं. मला हाडकीवरची ती दुपार आठवत होती आणि या वेळी मनात भीती नव्हती, कारण या गाईचं औषधपाणी तपासलेलं होतं.

दुपारी त्या गाईच्या मालकाच्या घरी गेलो. कोकणा समाजातले सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं, ओसरीवर मोहाच्या टोपल्या. म्हणाले, "आमच्याकडं पहिल्यापासून गिधाडाला कुणी हात लावत नाही. पर मरायला लागली तवा कळंना, का मरत्यात. आम्हाला वाटलं, करणी झाली."

करणी कुणाची होती, ते मी त्यांना सांगितलं. ढवळ्याचंही सांगितलं, जे मी फारसं कुणाला सांगत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता बंद हाय ना ते औषध?"

बंद आहे. २००६ पासून जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आहे. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ साली ती बाटली तीन मिलिलिटरची करायला लावली. अॅसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. त्यावर आणि किटोप्रोफेनवर २०२३ साली बंदी आली, निमेसुलाइडवर २०२४ च्या डिसेंबरअखेर. एकेका औषधासाठी वर्षंच्या वर्षं लोक पाठपुरावा करत राहिले. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ साली पेंच आणि ताडोब्यात आणली गेली, तीही या बंदीच्या भरवशावर. पण बंदी कागदावर असते, आणि सुई हातात असते. पाय सुजलेल्या बैलाशेजारी मध्यरात्री उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हाताशी जे असेल ते टोचावंसं वाटतं. मी त्या जागी उभा राहिलेलो आहे.

"मग तुमच्या गाईला काय दिलं होतं, बाबा?"

ते उठले. कुडाच्या भिंतीत, कारवीच्या दोन काठ्यांच्या मधे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काहीतरी खोचलं होतं. पिशवी सोडून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. आजोबांच्या चिमणीएवढीच, रबरी बुचाची. ओसरीच्या कडेला, उजेडात नेऊन मी लेबल वाचलं. मेलॉक्सिकॅम. गिधाडाला न बाधणारं. मुदतीची तारीखही बघितली, अजून आठ महिने होते.

"ढोरांच्या डॉक्टरानं हेच आणून ठिवलंय," ते म्हणाले. "बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे, बाबा."

त्यांनी बाटली पिशवीत गुंडाळली, पुन्हा त्याच फटीत खोचली आणि बादली घेऊन दुसऱ्या गाईला पाणी दाखवायला गोठ्याकडे गेले.