पैठणीला वय नसते

नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी आम्हा स्त्रियांच्या आयुष्यात बहुधा लग्नाच्या निमित्ताने येते. तिची नक्षी भरतकामाची नव्हे. हातमागावर रंगीत धागे एकमेकांत अडकवून ती विणली जाते. म्हणूनच अस्सल पैठणी उलटसुलट जवळजवळ सारखीच दिसते. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन लाभले.

लग्नातले हे वस्त्र पुढे कोणत्या वयापर्यंत शोभते, अशी चर्चा आपल्यात हमखास होते. आम्हांला वाटते, वयाप्रमाणे रंग नव्हे, सोय बदलावी. विशीतल्या मुलीने अरुंद काठाची, हलकी पैठणी घ्यावी. ती सावरणे सोपे जाते. चाळिशीत दागिने कमी करावेत. पदर आपोआप उठून दिसतो. साठीनंतर जरीचा भार सोसत नसेल, तर पैठणी काठाची साधी रेशमी साडी नेसावी. जुनी पैठणी सुती कापडात गुंडाळावी, घड्या अधूनमधून बदलाव्यात. मग ती नातीपर्यंत टिकते.

मात्र पती निवर्तला की आपण स्त्रीची सोय पाहत नाही, तिच्यावर फिके रंग लादतो. तिची हिरवी, जांभळी पैठणी कायमची पेटीत जाते. पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्या आम्ही तिच्या शोकाला अंतच नाही, असे का ठरवावे? ईस्टरच्या सकाळी एखादी विधवा भगिनी पोपटी पैठणी नेसून चर्चमध्ये आली, तर कुजबुज न करता, सरकून तिला आपल्याशेजारी जागा द्यावी.