शुगर निघाल्यावरचे तीन महिने

दिवाळीच्या सुमारास जालन्याच्या बाजारात आंबिया बहाराची मोसंबी येते, आणि माझ्या दवाखान्यात तिच्यामुळे चढलेले आकडे येतात. त्यातले काही आकडे खरे असतात, काही निव्वळ बोटाचे. घनसावंगीकडच्या एका बागायतदाराला नुकतीच शुगर निघाली होती. मुलानं ग्लुकोमीटर आणून दिलं होतं. एका दुपारी बागेतून फोन आला, "डॉक्टर साहेब, जेवलो नाही, काही नाही, अन् मशीन ३८६ दाखवतेय!" म्हटलं, आत्ता हातानं काय करत होता? "नातवाला मोसंबी सोलून दिली." साबणानं हात धुवा, कोरडे करा, दुसरं बोट टोचा आणि परत सांगा, म्हटलं. दुसरा आकडा होता १४२. मशीन तपासतं तो रक्ताचा एक इवलासा थेंब. बोटाला लागलेला फळाचा रस त्यात मिसळला की मशीन रसाची साखर मोजतं. स्पिरिटचा बोळा फिरवून ती साखर नीट निघत नाही, पाणीच लागतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की नव्यानं निदान झालेला माणूस आकड्यावर जगतो. सकाळी १३० आला की घरात आनंद, १७० आला की सुनेच्या स्वयंपाकावर खापर. पहिल्या तीन महिन्यांत औषध लिहिण्यापेक्षा माझा जास्त वेळ जातो तो कोणता आकडा कधी उतरतो हे समजावण्यात.

जेवणानंतरची साखर लवकर वळणावर येते, कारण ती ताटावर अवलंबून असते. उपाशीपोटीची मात्र हट्टी. "रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी १६० कशी?" हा प्रश्न मी रोज ऐकतो. रात्रभर यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असतं. इन्सुलिनचा धाक असेल तर ते हात आखडता घेतं. मधुमेहात तो धाक कमी झालेला असतो. म्हणून रात्री उपाशी झोपून सकाळचा आकडा सुधारेलच असं नाही. १९५७ पासून वापरात असलेली मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः इथेच, यकृतावर काम करते. ती स्वस्त आहे, आणि एकटी घेतली तर साखर सहसा धोकादायक खाली नेत नाही. "गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतेत" या भीतीपायी ती टाळणाऱ्यांची मला खरंच गंमत वाटते. तीच माणसं बाजारातून आणलेली, आत काय आहे हे कुठंच न लिहिलेली चूर्णं बिनघोर फाकतात.

तिसरा आकडा एचबीए१सीचा. तो रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतो. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पंधरा दिवस पथ्य पाळून तो परत तपासणं म्हणजे पैसे वाया. आणि लोहाची कमतरता असेल तर तो फसवा वर दिसू शकतो. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत मी हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय त्यावर बोलत नाही.

आता ताट. आमच्या भागात एक ठाम समजूत आहे: शुगरला ज्वारी चालते. चालते, पण किती? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, गव्हातही जवळपास तेवढंच. गहू सोडून ज्वारीवर आलेला माणूस मोठ्या हातानं थापलेल्या तीन भाकरी निर्धास्त खातो आणि वर म्हणतो, "गव्हाला शिवलोही नाही." मी भाकरी सोडायला सांगत नाही. आधी वाटीभर मटकी किंवा घट्ट वरण, मेथी-काकडी-कांदा, आणि मग एक भाकरी, असा क्रम लावतो. चहातली साखर बंद. गूळही बंद, तो कितीही गावरान असला तरी. एकादशीला साबुदाणा खाऊन उपवास केल्याचं समाधान मिळतं, साखर मात्र भात खाल्ल्यासारखीच चढते. मोसंबी एखादी, फोडी करून; रस नको, कारण एका ग्लासात तीन-चार फळं जातात. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात.

मराठवाड्यात हा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव निघतंच. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली त्यांची पद्धत, म्हणजे दिवसातून दोनच वेळा आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण, इथल्या घराघरांत पोचली आहे. पोट सुटलेल्या माणसाला तिचा फायदा होताना मी पाहतो. माझ्या मते त्याचं श्रेय मिनिटांपेक्षा बंद झालेल्या गोड चहाला, फरसाणाला आणि एकूण कमी झालेल्या खाण्याला जास्त आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात (२०१७) वजन जास्त असलेल्या, निदानाला सहा वर्षांपेक्षा जास्त न झालेल्या रुग्णांना काही महिने अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. ग्लिमेपिराइडसारखी साखर जास्त खाली नेऊ शकणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मात्र डॉक्टरला न सांगता जेवणं कमी केली, तर माणूस चक्कर येऊन पडतो.

माझ्यापुढे येणारे सगळे पोट सुटलेले नसतात, हीच खरी अडचण. मंठा-परतूरकडून येणारा मजूर ५० किलोचा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहलेखक जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा आपल्याला फसवतो, आणि मी कमरेला टेप लावतो. पण ज्याचं वजन आपोआप घटतंय, तहान भागत नाही, रात्री चारदा लघवीला उठावं लागतंय, त्याला उपाशी ठेवणं घातक आहे. त्याला इन्सुलिन लागू शकतं, आणि ते आजच.

साखर उतरू लागली की नव्या तक्रारी सुरू होतात. महिनोन् महिने ३०० ची सवय झालेल्या शरीराला ११० वर घाम फुटतो, हातपाय थरथरतात. मशीन लावून बघावं, ७० च्या वर असेल तर घाबरू नये. नजर अंधुक होते, कारण साखरेबरोबर डोळ्याच्या भिंगातलं पाणीही हलतं. या काळात नवा चष्मा करू नका, दीड-दोन महिने थांबा. डोळ्याचा पडदा मात्र पहिल्याच महिन्यात तपासून घ्या: तिथं आधीच बिघाड असेल आणि साखर झपाट्यानं पाडली तर तो काही काळ वाढू शकतो. म्हणून साखर आठ दिवसांत खाली आणून दाखवण्याच्या पैजा मला आवडत नाहीत. तसंच "बघू दिवाळीनंतर" हेही नाही. ब्रिटनमधल्याच यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या अभ्यासातल्या रुग्णांचा पुढं दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीलाच साखर आटोक्यात ठेवलेल्यांना त्याचा फायदा नंतरही मिळत राहिलेला दिसला.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पहिल्या तीन महिन्यांचं गणित इथं कोलमडतं. गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम द्याव्या लागतात. इन्सुलिन असेल तर कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, फ्रीज कुठला? बाटली पिशवीत गुंडाळून ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात, सावलीला, आणि उघडल्यावर महिन्याच्या आत संपवायची. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्याला ग्लिमेपिराइड देताना माझा हात आखडतोच, कारण न्याहारी वेळेवर मिळेल याची खात्री नसते. जोडप्याला एकत्र बसवतो आणि साखरेची पुडी खिशात ठेवायला सांगतो: घाम, थरथर, बडबड सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि मग भाकरी. "शुगर असल्यावर खिशात साखर कशापायी?" असं बायको विचारतेच. तिला पटेपर्यंत मी पुढच्या पेशंटला आत बोलावत नाही, कारण फडात ती थरथर पहिल्यांदा तिलाच दिसणार असते.