रिकाम्या टाकीबद्दल भाच्यास

भुसावळ, वैशाख

चि. भाचेबुवा,


आक्काचा फोन आला होता. पोराला बोटीचं काम मिळालंय म्हणून फार खूश होती. मीही झालो. पण पुढे ती म्हणाली, "टाकी रिकामीच आहे रे, नुसतं भोक बुजवायचंय," आणि मला ठसका लागला. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि फोन ठेवलास की विसरतोस, म्हणून कागदावर लिहितोय.

बोट धडगावकडची आहे, सरदार सरोवराच्या फुगवट्यातली. धरणाचं पाणी चढलं तेव्हापासून तिकडच्या कितीतरी पाड्यांना पाणी हाच रस्ता आहे. बाजार, बाळंतीण, शाळामास्तर, सगळं बोटीनं जातं. दवाखानासुद्धा पाण्यावरून येतो. तेव्हा गिऱ्हाईकाची घाई खरी आहे, नखरे नाहीत. तरीही त्या टाकीला वेल्डिंगचा रॉड टेकवायच्या आधी हे सगळं वाच.

भरलेली टाकी वेल्डिंगला जितकी वाईट, त्याहून रिकामी वाईट. डिझेल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून पेटते. भरलेल्या टाकीत त्या मिश्रणाला जागा नसते, रिकामीत जागाच जागा. हवेत डिझेलची वाफ शंभरात अर्धा-पाऊण भाग झाली की पुरे. हिशेब कर: २०० लिटरच्या टाकीला तेवढी वाफ द्यायला चहाचे दोन-तीन चमचे डिझेल लागतं. तेवढं तर नुसत्या सांध्याच्या दुमडीत अडकून राहतं. टाकी उलटी केली, थेंबही पडला नाही, कापड फिरवलं, कोरडं निघालं. मग तू आर्क मारलास, पत्रा तापला, दुमडीतलं डिझेल उकळून वाफ झालं. टाकीच्या तोंडाशी उभा असशील तर पुढचं लिहायला नको.

"मामा, ते पेट्रोलचं झालं, डिझेलला काय होतंय," असं तू म्हणशील. सगळेच म्हणतात. बाहेरच्या देशांच्या पुस्तकांतही डिझेल त्यामानानं गरीब मानलंय, कारण तिकडचं डिझेल ५०-५५ अंशांच्या वर तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ सोडत नाही. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांना तर आंतरराष्ट्रीय नियमानं ६० अंशांच्या खालचं इंधन चालत नाही. आपल्या पंपावरच्या डिझेलला भारतीय मानकानं किमान हद्द घातलीय ३५ अंशांची. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठे असतो? भुसावळात ४५ म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. उन्हात ठेवलेल्या टाकीच्या पत्र्याला तर हात लावता येत नाही. म्हणजे लंडनला जे डिझेल गरीब गाय आहे, ते खानदेशातल्या उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता पेट्रोलच्या वळणावर गेलेलं असू शकतं. मी आयुष्यभर टँकरच्या टाक्यांवर काम केलं. पानेवाडीच्या डेपोतून भरून येणाऱ्या गाड्यांना, आत वायू नसल्याचा जाणकाराचा दाखला असल्याशिवाय ठिणगी लावायची नाही, हा नियम आहे, तो याचसाठी. पेट्रोलियमच्या २००२ च्या नियमांत डिझेल 'ब' वर्गात आहे, पेट्रोलच्या लगेच खाली.

आता हायवेवरचे उपाय. पहिला, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला पाइप लावून धूर टाकीत सोडायचा, म्हणजे म्हणे आतली हवा मरते. डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर त्याच्या धुरात जळायला पुरेल इतका प्राणवायू उरलेला असतो. धूर काळा आहे म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. दुसरा, आग विझवायच्या सीओटू सिलिंडरचा फवारा मारायचा. तो फवारा जोरात निघताना स्थिर वीज तयार करतो आणि ठिणगी तिथेच पडते. तिसरा, गार पाण्यानं दोनदा खळखळवायचं. त्यानं डिझेल हलतं, जात नाही.

खरंच धुवायची असेल तर गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरीनं घासून, वरची झाकणं उघडी ठेवून, आत पाण्याची वाफ सोड. पत्रा सगळीकडून चटका देईपर्यंत सोड. मग गॅस मोजायच्या मीटरनं बघ. मीटर भाड्यानं मिळतं, ज्याच्याकडे आहे त्याला बोलाव, पण नाकाच्या भरवशावर राहू नकोस. त्यानंतरही टाकी अशी फिरव की भोक वरच्या बाजूला येईल, आणि वेल्डिंगची जागा सोडून बाकी सगळी पाण्यानं भर. आणि हो, टाकीला आधी चुंबक लाव. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम असू शकतं. त्यात कॉस्टिक सोडा घालायचा नाही, हायड्रोजन निघतो. म्हणजे डिझेल काढलं आणि त्याहून वाईट भरलं!

एवढं करून तू जे भोक बुजवशील त्याच्या शेजारी चार बोटांवर दुसरं पडेल. पडेलच. टाकी बाहेरून एका जागी गळते, पण आतून सगळा तळ खाल्लेला असतो. रात्री दव धरावं तसं रिकाम्या भागात पाणी धरतं, तळाशी बसतं, त्यात किडाळ वाढतं, गाळ होतो. खालून टाकी ओल्या फळीवर टेकलेली असते, तिथे पत्रा आणि फळी यांच्यामधे ओल कायम. छोट्या हातोडीनं तळ टकटकव. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. भदभद आवाज आला, किंवा हातोडीखाली पापुद्रा निघाला, तर गिऱ्हाईकाला स्पष्ट सांग, दुरुस्ती होणार नाही. माझं मत विचारशील तर नव्वद टक्के वेळा नवी टाकीच स्वस्त पडते.

नवी करताना ३ मिलिमीटरचा काळा पत्रा घे. जीआय नको. त्याच्यावरचं जस्त डिझेलला लागलं की साबणासारखा गाळ धरतो आणि फिल्टर तुंबतो. शिवाय त्याच्या वेल्डिंगचा धूर छातीत जातो. आत आडवे पत्रे घाल, कोपरे कापून, म्हणजे बोट कलली तरी डिझेल एका बाजूला धावणार नाही. सगळे पाइप वरून. खाली तोटी ठेवली की ती कधीतरी गळणारच. ट्रकची टाकी गळली तर डिझेल रस्त्यावर जातं, बोटीची गळली तर बोटीतच, इंजिनाखाली साचतं, आणि नदीच्या मधोमध उतरून पळायला जागा नसते. श्वासनळी बोटीच्या बाहेर काढ, तोंडाला बारीक जाळी. टाकी फळीवर बसवू नकोस, कडक रबरी पट्ट्यांवर बसव, चारी बाजूंनी हवा खेळू दे.

तपासणीला कॉम्प्रेसर लावू नकोस. थोडासा दाब वाटतो, पण एक मीटर लांब-रुंद पत्र्यावर ०.२ बार म्हणजे दोन टनांचा रेटा. टाकी पाण्यानं काठोकाठ भर, गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हलपाइप लाव आणि दोन मीटर उंच पाणी चढव. दाब तेवढाच, पण सांधा फुटला तर पाणी नुसतं गळेल. हवा भरली असती तर पत्रा उडाला असता.

बोटीतून जुनी टाकी काढताना आधी बॅटरीची वायर सोड, डिझेल हातपंपानं काढ, आणि तिथे ग्राइंडर लावायचाच नाही. नट गंजला असेल तर हॅकसॉ आणि वेळ. काठावर आणून मग पिकअपमधून धुळ्याला, तुझ्याकडे. तोपर्यंत बोटवाल्याला दोन फेऱ्या मारायच्याच असतील तर गळतीवर साबण घासून एम-सील लावू दे; ट्रकवाले तसंच करून घर गाठतात. पण त्या दोनच.

राहिली जुनी टाकी. ती भंगारात जाईल, आणि भंगारात तिच्यावर गॅस-कटर चालेल. तुझ्याकडे सुरक्षित राहिलेलं संकट तू तिकडे पाठवतोस हे लक्षात ठेव. तिच्यात पाणी भरूनच दे, वर ऑइलपेंटनं 'डिझेलची टाकी' असं मोठ्या अक्षरांत लिही. मालकाला सांगून थांबू नकोस. कटर धरणारा पोरगा वेगळा असतो, त्याला बोलावून सांग.

आक्काला नमस्कार. माप घेतलंस की कळव, पत्र्याचा हिशेब करून ठेवतो.

तुझा,
मामा